सिलिकॉनवरची अक्षरं

जुन्या संगणकाचा एखादा बोर्ड हातात आला, तर त्यावरच्या काळ्या-करड्या चिप्सच्या रांगांत लेबल चिकटवलेली चिप आहे का ते आधी बघावं. पिवळा पडलेला कागद असेल किंवा चंदेरी पट्टी, त्यावर कुणीतरी बॉलपेनने एखादा आकडा टाकलेला असतो. त्या लेबलाचा कोपरा नखाने हलकेच उचलला की खाली गोल काच दिसते. काचेच्या आत, सोनेरी तळावर, ज्वारीच्या दाण्याएवढा चौकोनी तुकडा बसवलेला असतो. त्याच्या कडांवरून केसाहून बारीक तारा चारी बाजूंना गेलेल्या. बोर्ड उजेडात थोडा तिरका केला की त्या तुकड्यावर हिरव्या-जांभळ्या छटा सरकतात आणि मधले दोन-तीन सपाट आयत बाकीच्या नक्षीपासून वेगळे उठून दिसतात. ते आयत म्हणजे स्मृती. संगणकाची मेमरी, अगदी उघड्या डोळ्यांना.

या चिपला ईप्रॉम म्हणतात. भंगारात सापडणाऱ्या चिप्समध्ये आपलं पोट असं उघडं करून दाखवणारी ही जवळजवळ एकच जात, आणि चिप्स जमवण्याचा नाद लागलेल्या बहुतेकांची सुरुवात हिच्यापासून होते. खिडकी अर्थातच शोभेसाठी नाही. माहितीचा एकेक बिट इथे एकेका ट्रान्झिस्टरमध्ये साठवलेला असतो. त्या ट्रान्झिस्टरमध्ये एक बारीकसा वाहक थर सगळ्या बाजूंनी सिलिकॉन डायऑक्साइडने, म्हणजे उत्तम विद्युतरोधकाने वेढलेला असतो. २७१६ या गाजलेल्या ईप्रॉमला २५ व्होल्टचा दाब दिला की इलेक्ट्रॉन रोधकाची भिंत ओलांडून त्या थरात शिरतात. दाब काढला की परतीची वाट बंद. इलेक्ट्रॉन अडकले असतील तर शून्य, नसतील तर एक. वीज गेली, संगणक माळ्यावर गेला, कंपनी बुडाली तरी ते आत बसून राहतात.

त्यांना बाहेर काढायचं तर खिडकीतून अतिनील किरण सोडावे लागतात. २५३.७ नॅनोमीटर तरंगलांबीचे हे किरण म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातल्या यूव्ही वॉटर प्युरिफायरमधला दिवा देतो तेच. साध्या काचेतून ते पार होत नाहीत, म्हणून खिडकी क्वार्ट्झची. पंधरा-वीस मिनिटांत चिप कोरी होते आणि पुन्हा लिहायला मोकळी. कंपनीच्या माहितीपत्रकात तर असंही दिलेलं असे की, ही चिप उघड्या उन्हात ठेवली तर सुमारे आठवड्यात पुसली जाईल, आणि ट्यूबलाइटच्या उजेडात सतत राहिली तर साधारण तीन वर्षांत. म्हणून ते लेबल! तेव्हा आत डोकावून झालं की ते नीट परत चिकटवावं. सुटत असेल तर वरून काळी टेप लावावी.

ही करामत डोव्ह फ्रोमन यांची, इंटेलमधली, १९७१ सालची. गंमत म्हणजे ती सुचली एका बिघाडातून. काही चिप्स नीट चालत नव्हत्या. ट्रान्झिस्टरच्या आतली जोडणी तुटून एक थर अधांतरी राहिला होता. हा दोष मुद्दाम केला तर काय होईल, असा विचार फ्रोमन यांनी केला. पेन ड्राइव्ह आणि मोबाइलमधली फ्लॅश मेमरी याच कल्पनेची पुढची पिढी आहे.

ईप्रॉममधला मजकूर वाचण्याची छोटी यंत्रं आता सहज मिळतात. चिप त्यात बसवली, संगणकाला जोडली की आतले सगळे आकडे पडद्यावर उतरतात. बरेचसे अगम्य, पण मधूनच सरळ इंग्रजी वाक्यं येतात. कंपनीचं नाव, साल, आणि जुन्या पीसीच्या बायॉसमध्ये हमखास सापडणारी ती सूचना: कीबोर्ड सापडत नाही, पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा.

प्रकाश आणि सिलिकॉन यांच्या या नात्याचा सगळ्यात अजब वापर केला तो हॅरी गारलँड आणि रॉजर मेलन यांनी. फेब्रुवारी १९७५ च्या ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकात ‘सायक्लॉप्स’ नावाच्या कॅमेऱ्याची कृती छापून आली. त्याचा डोळा होता १०२४ बिटांची एक साधी मेमरी चिप. वरचं झाकण काढून टाकलेलं, त्यावर काच. मेमरीतली प्रत्येक पेशी विद्युतभाराने भरायची आणि समोर भिंग धरायचं. जिथे उजेड जास्त तिथला भार लवकर गळतो. कुठली पेशी किती वेळात रिकामी झाली ते मोजलं की ३२ गुणिले ३२ ठिपक्यांचं चित्र तयार. आकडे साठवायला केलेल्या वस्तूला दृष्टी होती, हे तिच्यावर झाकण असल्यामुळे कुणाला दिसलंच नव्हतं.

आता बिनखिडकीच्या चिप्सकडे वळू. त्यांच्या काळ्या पाठी भंगारात सगळ्या सारख्याच दिसतात. एक दहा पटींचं भिंग घ्यावं, घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं, आणि खिडकीच्या उजेडात बोर्ड तिरका धरावा. पुसट पांढरी अक्षरं हळूहळू वर येतात. सुरुवातीच्या दोन अक्षरांत बनवणाऱ्याची खूण: ‘एसएन’ म्हणजे बहुधा टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स, ‘एमसी’ म्हणजे मोटोरोला, ‘एचडी’ म्हणजे हिताची. मग चिपचा क्रमांक. आणि खाली बहुतेक वेळा चार सुटे आकडे, ८४२३ असे काहीतरी. १९८४ सालचा तेविसावा आठवडा. म्हणजे ही चिप त्या वर्षी जूनच्या सुरुवातीला तयार झाली. पाव शतक वापरलेल्या आपल्या मिक्सरचा जन्मआठवडा आपल्याला सांगता येणार नाही, पण भंगारातल्या नखाएवढ्या चिपचा सांगता येतो.

यात खाचखळगे आहेत. एमओएस टेक्नॉलॉजीसारखे काही जण सुरुवातीला आठवडा आधी आणि साल नंतर लिहीत. शिवाय साध्या लॉजिक चिप्सची सगळ्यात खपलेली मालिकाच ७४०० क्रमांकांची, त्यामुळे १९७४ साली बनलेल्या चिप्सवर फार गोंधळ होतो. ७४३२ हा चिपचा प्रकार, की त्या वर्षीचा बत्तिसावा आठवडा? काही चिप्सवर दोन्ही ओळी जवळजवळ सारख्याच असतात. एक ढोबळ नियम मात्र उपयोगी पडतो. बोर्ड कधी जुळवला ते त्यावरच्या सगळ्यात तरुण चिपवरून ठरवायचं. एखादीच चिप बाकीच्यांपेक्षा पाच वर्षांनी धाकटी निघाली, तर मधे कुणी दुरुस्तीला हात लावला होता. तिच्या पायांपाशी सोल्डरची चमकही वेगळी दिसते.

आठवड्याच्या शेजारी देश लिहिलेला असतो: मलेशिया, फिलिपिन्स, सिंगापूर, कोरिया, आणि मधेच एल साल्वादोर. मध्य अमेरिकेतल्या त्या चिमुकल्या देशात सत्तरच्या दशकात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा जुळणीचा कारखाना होता. इंटेलने १९७२ मध्ये मलेशियात पिनांग इथे आपला कारखाना काढला आणि १९७५ मध्ये तो जळला. सिलिकॉनची चकती अमेरिकेत घडायची, मग तिचे तुकडे विमानाने इकडे यायचे. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेल्या बायका प्रत्येक तुकड्याच्या कडेपासून धातूच्या पायांपर्यंत सोन्याच्या तारा जोडायच्या. एकेका तारेची जाडी मिलिमीटरचा साधारण चाळिसावा भाग. त्या बायकांपैकी कुणाचंही नाव चिपवर नाही, पण देशाचं आहे.

बोर्ड उलटा करून तांब्याच्या रेषा बघाव्यात. त्या सरळसोट असतील आणि वळताना पंचेचाळीस अंशांतच वळत असतील, तर आखणी संगणकाने केली आहे. सत्तरच्या दशकातले बोर्ड तसे नसतात. तिथे रेषा मोकळ्या वळणाने जातात, एखाद्या भोकाला वळसा घालतात, शेजारणीला जागा द्यायला किंचित वाकतात. हे काम हातांनी केलेलं आहे. पारदर्शक मायलार फिल्मवर, खऱ्या आकाराच्या दुप्पट किंवा चौपट मापात, बारीक चिकटपट्टी ओढत ओढत ड्राफ्ट्समन हा नकाशा तयार करायचे. मग त्याचा फोटो काढून मूळ मापावर आणायचा. दोन थरांचा बोर्ड असेल तर एका बाजूला लाल पट्टी, दुसऱ्या बाजूला निळी. कॅमेऱ्यापुढे रंगीत गाळणी बदलली की एकाच फिल्मवरून दोन नकाशे वेगळे होत. मी असे बोर्ड बघताना एका ठिकाणी हमखास थांबतो, पट्टी संपून नवी सुरू झाली तिथे. भिंगाखाली तांब्यात ती बारीकशी पायरी दिसते.

चिपच्या आतलं आखणीचं कामही तेव्हा असंच व्हायचं, फक्त मापं आणखी वेडी. पारदर्शक प्लास्टिकवर लाल पापुद्रा चढवलेली रुबीलिथ नावाची फिल्म मोठ्या टेबलावर पसरायची. धारदार पात्याने आराखडा कापायचा आणि नको तिथला लाल पापुद्रा चिमट्याने सोलून काढायचा. थरागणिक वेगळी फिल्म. मग ती शेकडो पटींनी लहान करत सिलिकॉनवर उतरवायची. एखादा पापुद्रा सोलायचा राहिला किंवा चुकून जास्तीचा निघाला, तर तो थेट प्रत्येक चिपमध्ये छापला जायचा.

जगातली पहिली बाजारात आलेली एकचिपी मायक्रोप्रोसेसर, इंटेल ४००४, अशीच घडली. बुझिकॉम या जपानी कंपनीला टेबलावरच्या कॅल्क्युलेटरसाठी चिप्सचा संच हवा होता. टेड हॉफ आणि स्टॅन मेझर यांनी रचना मांडली, बुझिकॉमकडून आलेले मासातोशी शिमा कामाला लागले आणि फेडेरिको फाजिन यांनी ती प्रत्यक्ष सिलिकॉनमध्ये उतरवली. तीन बाय चार मिलिमीटरच्या तुकड्यावर सुमारे २३०० ट्रान्झिस्टर. नोव्हेंबर १९७१ मध्ये जाहिरात झाली. चिपच्या कडेला फाजिन यांनी आपली आद्याक्षरं कोरून ठेवली, दोन ‘एफ’. चित्रकार कोपऱ्यात सही करतो तशीच ही सही, फक्त ती बघायला सूक्ष्मदर्शक लागतो. त्या काळच्या काही ४००४ चिप्स पांढऱ्या सिरॅमिकच्या, सोनेरी टोपीच्या आणि पाठीवर करड्या रेषा असलेल्या होत्या. संग्राहक आज त्यांना शेकडो डॉलर मोजतात. दिसायलाही ती चिप खरोखर दागिन्यासारखी आहे, त्यामुळे हा भाव निव्वळ इतिहासाचा म्हणता येत नाही.

मला स्वतःला तिच्यापेक्षा ६५०२ जास्त आवडते. तिचा जन्मच बाजारी थाटाचा. चक पेडल आणि त्यांचे सहकारी मोटोरोला सोडून एमओएस टेक्नॉलॉजीत आले आणि त्यांनी १९७५ साली २५ डॉलरला मायक्रोप्रोसेसर विकायला काढली. इंटेलची ८०८० बाजारात आली तेव्हा तिची किंमत ३६० डॉलर होती. त्यामुळे लोकांना ही फसवणूकच वाटली. सॅन फ्रान्सिस्कोच्या वेसकॉन प्रदर्शनात विक्रीला मनाई होती, म्हणून त्यांनी जवळच्या हॉटेलात खोली घेतली आणि चिप्सने भरलेल्या काचेच्या मोठ्या बरण्या मांडल्या. माल भरपूर तयार आहे असं दिसावं म्हणून. बरणीत खालच्या चिप्स चालत नव्हत्या, असं पेडल पुढे मिश्कीलपणे सांगत. त्या गिऱ्हाइकांत स्टीव्ह वॉझनियॅक होते. वर्षभरात ॲपल-वन तयार झाला, त्यात हीच चिप होती.

अगदी सुरुवातीच्या ६५०२ चिप्समध्ये ‘आरओआर’ नावाची एक सूचना चालतच नाही. आकड्यातले बिट उजवीकडे फिरवण्याचं काम तिचं. १९७६ च्या मध्यानंतरच्या चिप्समध्ये ते दुरुस्त झालं. आता हौशी लोकांची तऱ्हा बघा: त्यांना ती मोडकी चिपच हवी असते. पांढरं सिरॅमिक, पाठीवर १९७५ सालचा आठवडा, आणि ‘आरओआर’ चालत नाही याची खात्री करून घेतलेली.

२००९-१० च्या सुमारास काही उत्साही मंडळींनी एका ६५०२ चं कवच आम्लात विरघळवलं, आतल्या तुकड्याचे सूक्ष्मदर्शकाखाली फोटो काढले, त्यावरची प्रत्येक रेष गिरवून घेतली आणि साडेतीन हजारांच्या आसपास ट्रान्झिस्टरांची पूर्ण जोडणी संगणकात उभी केली. ‘व्हिज्युअल ६५०२’ या नावाने ती कुणालाही बघता येते. घड्याळाचा एकेक ठोका पुढे टाकावा आणि कुठल्या तारेत वीज खेळते आहे ते रंग बदलताना पाहावं. एका संपूर्ण संगणकाचं मन फोटोवरून वाचून काढलं, असा हा प्रकार. केन शिरिफ यांच्यासारखे अभियंते आजही जुन्या चिप्स भिंगाखाली धरून त्यांतला एकेक मंडल-भाग उलगडून दाखवत असतात.

फोटोवरून वाचता येतं म्हटल्यावर चोरीही आलीच. झायलॉगची झेड-८० ही १९७६ ची चिप फाजिन आणि शिमा यांनीच इंटेल सोडल्यावर केली. तिची नक्कल होणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून शिमांनी आत थोडे फसवे ट्रान्झिस्टर पेरले. फोटोत ते शेजाऱ्यांसारखेच नेहमीचे दिसत, पण सिलिकॉनमध्ये मिसळलेल्या अणूंमुळे त्यांची वागणूक उलटी असे. नक्कल करणाऱ्याने रेषा हुबेहूब उतरवल्या तरी चिप चालायची नाही. चोरावर मोर! हा सापळा काढता काढता नकलाकारांचे बरेच महिने गेले, असं शिमांनी नंतर सांगितलं. ऐंशीच्या दशकात भारतात डेसिबेल्सने बनवलेल्या डीबी स्पेक्ट्रम या घरगुती संगणकातही मेंदू होता तो झेड-८० चाच. चाळीस पायांची ही मूळ घाटाची चिप बंद करत असल्याचं झायलॉगने जाहीर केलं ते थेट २०२४ मध्ये.

डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनची तऱ्हा आणखी मजेशीर. सोव्हिएत संघात पाश्चात्त्य संगणकांच्या नकला होत, हे जगजाहीर होतं. म्हणून १९८७ च्या सीव्हॅक्स प्रोसेसरच्या सिलिकॉनवर त्यांनी रशियन लिपीत एक वाक्य कोरलं. रशियन मोडकंतोडकं, पण मतलब असा की चोरायचंच झालं तर उत्तमातलं उत्तम चोरावं. हा निरोप वाचायला चिप फोडून सूक्ष्मदर्शकाखाली धरावी लागे, म्हणजे तो पोचायचा फक्त चोरालाच.

सोव्हिएत नकलांना ओळखण्याची एक खूण तर फूटपट्टीनेही सापडते. अमेरिकन चिपच्या दोन पायांमधलं अंतर इंचाचा दहावा भाग, २.५४ मिलिमीटर. सोव्हिएत मानकात ते सरळ २.५ केलेलं. चौदा पायांच्या चिपला हा फरक जाणवत नाही. पण चाळीस पायांची चिप असेल तर एका रांगेत एकोणीस फटी येतात आणि शेवटच्या पायापर्यंत पाऊण मिलिमीटर मागे-पुढे होतं. सोव्हिएत ८०८० अमेरिकन सॉकेटमध्ये सरळपणे बसत नाही, दामटावी लागते.

हे सगळं वाचन एका ठिकाणी येऊन थांबतं, आणि त्याचं कारण प्रकाशातच आहे. दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन. ४००४ वरच्या रेषा १० मायक्रॉनच्या, म्हणजे उजेडाला त्या ठळक दिसतात. नव्वदच्या दशकाच्या मध्याला रेषा अर्ध्या मायक्रॉनखाली गेल्या आणि साधा सूक्ष्मदर्शक धूसर दाखवू लागला. त्यातच धातूचे थर एकावर एक चढत गेले. पूर्वी एकच थर असे, त्यामुळे खालपर्यंत नजर जायची. आता वरून फक्त छप्पर दिसतं. ॲपलच्या २०२० सालच्या एम-वन चिपमध्ये १६ अब्ज ट्रान्झिस्टर आहेत. ती भंगारात येईल तेव्हा तिचं काय वाचणार? म्हणून जमवणाऱ्यांचा जीव साधारण १९७१ ते १९९० या दोन दशकांत अडकलेला असतो. तोपर्यंतचे संगणक, त्यांतले पहिले तर माणसाने हातांनी आखलेले, माणसाच्या डोळ्याला अजून दिसतात.

त्याच्याही आधी चिप नव्हतीच, तेव्हा मेमरी चक्क ओवली जायची. मिलिमीटरभर फेराइटची कडी, तिच्यातून आडव्या-उभ्या तारा. कडीचं चुंबकत्व एका दिशेला तर शून्य, उलट दिशेला तर एक. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेल्या टिफ्रॅक या भारतीय संगणकाची स्मृती अशाच कड्यांची होती. अपोलो यानाच्या संगणकात तर प्रोग्रॅमच तारांत गुंफलेला. तार कडीतून गेली तर एक, बाजूने गेली तर शून्य. मॅसेच्युसेट्समधल्या रेथिऑन कारखान्यात स्त्री-कामगार त्या तारा सुईने ओवत. असाच एक अपोलो संगणक १९७६ मध्ये टेक्सासमध्ये नासाच्या टनावारी भंगाराबरोबर विकला गेला. घेणाऱ्याने तो जपून ठेवला, आणि चांद्रविजयाच्या पन्नासाव्या वर्षी, २०१९ मध्ये, शिरिफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पुन्हा चालवून दाखवला.

भंगाराच्या धंद्यात मात्र चिपची किंमत तिच्यातल्या सोन्यावर ठरते. इंटेलची १९९५ ची पेंटियम प्रो या हिशेबात फारच दुर्दैवी. जांभळट-करडं सिरॅमिक, सोन्याचा मुलामा दिलेले ३८७ पाय, एका कवचात प्रोसेसर आणि मेमरी असे दोन तुकडे. सोनं काढणाऱ्यांना ती इतकी आवडली की किलोवारी आटवली गेली. टोकियो ऑलिंपिकची सगळी पदकं जुन्या उपकरणांमधून निघालेल्या धातूची होती. त्यासाठी ७८,९८५ टन उपकरणं जमली, त्यांत ६२ लाखांवर मोबाइल होते, आणि त्यातून ३२ किलो सोनं हाती आलं. हे पद्धतशीर कारखान्यात झालं. दिल्लीच्या सीलमपूरला किंवा मुरादाबादला वर्षानुवर्षं हेच काम उघड्यावर होत आलं: बोर्ड शेगडीवर तापवायचे, आम्लाच्या टबात बुडवायचे, धूर आणि शिसं करणाऱ्याच्याच छातीत. जगात २०२२ साली ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला चौथा हिस्सासुद्धा रीतसर पुनर्वापरात गेला नाही. घरी आम्ल आणून सोनं काढायचे व्हिडिओ पाहून कुणाला हुरूप येत असेल, तर त्याने तो गिळून टाकावा. नायट्रिक आम्लाच्या तांबूस वाफा फुप्फुसांना सोडत नाहीत.

उपटलेल्या चिप्सचा दुसरा धंदा बनावटीचा. पाठ घासायची, काळा लेप द्यायचा, नवा क्रमांक आणि नवा आठवडा छापायचा. अमेरिकी सिनेटच्या समितीने २०१२ च्या अहवालात लष्करी साहित्यात अशा संशयित सुट्या भागांची सुमारे १८०० प्रकरणं दाखवली होती. संग्राहकालाही हा माल गाठतोच. ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा पाठीवरून फिरवला आणि तो काळा झाला, तर समजून जावं.

म्हणून मला विचाराल तर चिप बोर्डावरून काढूच नये. सुटी चिप फ्रेममध्ये छान दिसते, पण बोर्डावर ती कुणाच्या शेजारी बसली होती, कुणी दुरुस्त केली, कुठल्या यंत्रात राबली, हे सगळं काढताना पुसलं जातं. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी, मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या गल्ल्यांत अख्खा बोर्ड मिळत असेल तर अख्खाच घ्यावा आणि आधी बॅटरी बघावी. ३८६-४८६ च्या बोर्डावर कोपऱ्यात निळी किंवा हिरवी पिंपासारखी निकेल-कॅडमियम बॅटरी असते. ती गळते, आणि तिचा क्षार तांब्याच्या रेषा खात खात जातो. पांढरट-हिरवी बुरशी दिसली की बॅटरी कापून टाकायची, ती जागा व्हिनेगरने पुसायची, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने. क्षार जिरवायला आम्ल, इतकाच त्यातला हिशेब.

आपल्याकडच्या शोधात दोन गोष्टींसाठी मी डोळे उघडे ठेवतो. एक म्हणजे ट्रान्सप्युटर. ब्रिस्टलच्या इनमॉस कंपनीची ही चिप चार बाजूंना चार भावंडांशी थेट बोलू शकायची. पुण्यात सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० उभा केला तो टी-८०० ट्रान्सप्युटर एकमेकांना जोडूनच. दुसरी मोहालीची. सरकारी सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्समध्ये १९८४ पासून पाच मायक्रॉनच्या तंत्राने चिप्स बनू लागल्या आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये तो कारखाना जळाला. याच संस्थेने ब्रिटनच्या बीबीसी मायक्रो संगणकाचा भारतीय अवतार काढला होता, युनिकॉर्न नावाचा. संगणक साक्षरतेच्या ‘क्लास’ योजनेत तो देशभरच्या शाळांत गेला. त्यात पुन्हा तीच ६५०२. तेव्हा तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत, गंजलेल्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात असा एखादा डबा अजून पडून असेल, तर तो भंगारात जाण्याआधी ताब्यात घ्या. पण लगेच प्लग लावू नका. बीबीसी मायक्रोच्या पॉवर सप्लायमधले कागदी फिल्टर कपॅसिटर जुने झाले की तडकतात आणि वीज दिल्यावर घरभर घाणेरडा धूर करतात. ते काही रुपयांचे दोन भाग एखाद्या जाणत्या टीव्ही मेकॅनिककडून आधी बदलून घ्या.